ब्रॉसार्डची दिवाळी आणि सोऱ्याचे आटे



दिवाळी जवळ आली की आपल्या घरोघरच्या कपाटांतून पितळी सोरे बाहेर निघतात. चिंच लावून ते घासले जातात, उन्हात वाळतात आणि मग दोन दिवस चकली-शेवेचा घाणा चालतो. सोऱ्या हे घरातले एक यंत्रच आहे. परंतु यंत्र म्हणून आपण त्याच्याकडे कधी पाहत नाही. आम्हीही पाहिले नव्हते. तो योग आला आपल्या बेटापासून फार दूर, कॅनडातील ब्रॉसार्ड गावी, २०२३ च्या नोव्हेंबरात. त्या हकिकतीत आपल्या मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना उपयोगी पडेल असे पुष्कळ आहे, म्हणून ती येथे सविस्तर देत आहोत.

ब्रॉसार्ड हे मॉन्ट्रियल शहराच्या दक्षिणेला, सेंट लॉरेन्स नदीच्या पलीकडे वसलेले गाव. १९५८ साली ते नगर झाले आणि पहिले महापौर जॉर्ज-आन्री ब्रॉसार्ड यांचे नाव त्याला मिळाले. तेथे एक गंमत आहे. गावाचे भाग पाडले आहेत ते अक्षरांनी. एका भागातील बहुतेक सगळ्या रस्त्यांची नावे एकाच अक्षराने सुरू होतात. नवा माणूस घर चुकला तरी भाग चुकत नाही. नदीवरचा नवा शाँप्लँ पूल २०१९ साली वाहतुकीला खुला झाला आणि ३१ जुलै २०२३ पासून त्याच पुलावरून ब्रॉसार्ड ते मॉन्ट्रियल अशी विजेची, चालकाविना धावणारी गाडी सुरू झाली. रस्त्यात फ्रेंच कानावर पडते, त्यामुळे आपल्या बेटावरच्या माणसाला फारसे परके वाटत नाही. परके वाटते ते थंडीमुळे. नोव्हेंबरात दुपारी साडेचारलाच दिवस मावळतो.

आमची ताई आणि भावोजी तेथे बरीच वर्षे राहतात. वडील वारल्यानंतर आईही ताईकडे गेली. जाताना तिने दोन पेट्यांत काय काय भरले ते सांगत बसत नाही. पण एका पेटीत, दोन लुगड्यांच्या मध्ये, तिचा पितळी सोऱ्या होता. वडिलांनी तो १९८२ साली मुंबईहून आणला होता. आमचे पहिले आठवणीतले दिवाळीचे चित्र म्हणजे त्या सोऱ्याची मूठ फिरवणारी आई.

“आटे गेले”

दिवाळीला पाच दिवस उरले होते. आईने भाजणी मळली, सोऱ्या भरला, मूठ फिरवली. मूठ फिरली, पण दट्ट्या काही खाली उतरेना. स्क्रू जागच्या जागी फिरून खडखडत होता. आईने झाकण उघडून आत बोट फिरवले आणि म्हणाली, “आटे गेले.”

शेजारी उभी असलेली भाची गोंधळली. ती तिकडच्याच शाळेत वाढलेली, घरात क्रेओल आणि बाहेर फ्रेंच बोलणारी. “आजी, आटा तर भरपूर आहे, मी आत्ताच भरला!” असे ती म्हणाली आणि सगळे हसले. मग आम्ही तिला सांगितले की आटा म्हणजे पीठ हा एक शब्द, आणि स्क्रूच्या अंगावर जे गोल वर चढत जाणारे कंगोरे असतात ते आटे, हा दुसरा. फ्रेंचमध्ये ज्याला ‘फिले’ म्हणतात तेच.

पितळी स्क्रू चांगला होता. झाकणाच्या भोकातले आटे चाळीस वर्षांत झिजून गुळगुळीत झाले होते. ताई म्हणाली, नवा सोऱ्या आणू, भारतीय दुकानात मिळतो. आई काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने पीठ परत परातीत काढले आणि म्हणाली, “जाऊ दे. यंदा चकल्या नकोत.” ते ऐकून कोणालाच बरे वाटले नाही. जी बाई बेट सोडताना रडली नाही, ती त्या रात्री जेवली नाही.

भावोजी हाताचे कसबी आहेत. त्यांनी उपाय सुचवला: झाकणाचे झिजलेले भोक ड्रिलने मोठे करायचे आणि त्यात आतून आटे असलेली एक नवी बुशी बसवायची. ही बुशी भाचीने संगणकावर आखावी आणि घरातल्या प्रिंटरवर प्लॅस्टिकमध्ये काढावी. भाची तेव्हा सेजेपमध्ये शिकत होती. क्वेबेक प्रांतात शाळा आणि विद्यापीठ यांच्यामधली जी पायरी आहे तिला सेजेप म्हणतात. तेथे यंत्रविद्येचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. संगणकावरचे आरेखन, म्हणजे ज्याला सगळीकडे ‘कॅड’ म्हणतात, तो तिचा रोजचा विषय.

आईने एकच प्रश्न विचारला: “भोक मोठे केले आणि तुमचे नवे बसलेच नाही, तर?”

प्रश्न रास्त होता. एकदा ड्रिल चालवला की पितळ परत येत नाही. तेव्हा असे ठरले की आधी बुशी स्क्रूवर हाताने नीट चालली पाहिजे. ती चालल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही.

दोन वेळा फसलेली बुशी

भाचीने व्हर्नियर घेऊन मापे घेतली. स्क्रूचा बाहेरचा व्यास १६ मिलिमीटर, खाचेच्या तळाशी १२, आणि एका कंगोऱ्यापासून शेजारच्या कंगोऱ्यापर्यंतचे अंतर ४ मिलिमीटर. कंगोरा २ मिलिमीटर रुंद, खाच २ मिलिमीटर रुंद. या मापांनी तिने बुशी आखली, प्रिंटरने ती काढली. ती स्क्रूवर लावली तर अर्धा फेरा जाऊन घट्ट अडकली. तिला वाटले, प्लॅस्टिक फुगले असेल. भोक थोडे सैल केले. पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी तिने स्क्रू दिव्याखाली धरला आणि तिला शंका आली की कंगोरे एक नसून दोन असावेत. मग तिने संगणकात आपलाच आटा ठेवला आणि त्याची एक नक्कल अर्धा फेरा फिरवून त्याच्यासमोर बसवली. पडद्यावर पाहते तो आटेच नाहीसे! सगळे भोक सपाट, गुळगुळीत झाले. ती रडकुंडीला आली.

या वेळी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “मला तुमचे ते मिलिमीटर कळत नाहीत. पण भरलेला सोऱ्या बारा फेऱ्यांत रिकामा होतो. नेहमी बाराच.”

भाचीने पटकन नळकांड्याची आतली उंची मोजली. पीठ भरायची जागा साडेनऊ सेंटिमीटर, म्हणजे ९५ मिलिमीटर. त्याला बाराने भागले तर एका फेऱ्याला जवळजवळ ८ मिलिमीटर येतात. मोजलेले अंतर तर ४ होते. आठ म्हणजे चाराच्या बरोबर दुप्पट. कोडे तेथेच सुटले. स्क्रूचे टोक पुसून पाहिले तर दिसले की कडेला आटा एका ठिकाणी सुरू होत नाही. समोरासमोर दोन ठिकाणी सुरू होतो. स्क्रू दुतोंडी होता.

आपल्याकडे दुतोंडी माणसावर कोणी विश्वास ठेवू नये असे म्हणतात. स्क्रूच्या बाबतीत मात्र दोन तोंडे हा गुण असतो. तो कसा, ते पाहू.

कागदाचा त्रिकोण

कोणत्याही वर्गात करता येईल असा एक प्रयोग आहे. कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापा. त्याची उभी बाजू पेन्सिलीला समांतर ठेवून तो पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्रिकोणाची तिरपी बाजू पेन्सिलीवर वळत वळत चढताना दिसेल. स्क्रूचा आटा म्हणजे हीच गुंडाळलेली चढण. एक फेरा पूर्ण होताना ती रेघ जितकी वर चढते, त्याला आपण ‘चाल’ म्हणू. शेजारच्या दोन कंगोऱ्यांमधले अंतर म्हणजे ‘पिच’.

एकच आटा गुंडाळलेला असेल तर चाल आणि पिच सारखेच. परंतु दोन आटे एकमेकांच्या मधून गुंडाळले, तर एका आट्याच्या दोन वेढ्यांमध्ये दुसऱ्याचा एक वेढा बसतो. तेव्हा चाल पिचच्या दुप्पट होते. तीन आटे असतील तर तिप्पट. हिशेब एवढाच: पिचला तोंडांच्या संख्येने गुणले की चाल मिळते. आपल्या सोऱ्यात पिच ४, तोंडे २, चाल ८.

मग कोणी विचारील, ८ ची चाल हवी तर एकच जाडजूड आटा ८ च्या पिचचा का पाडू नये? त्याचे उत्तर स्क्रूच्या पोटात आहे. अशा चौकोनी आट्याची खोली साधारण पिचच्या निम्मी असते. ८ च्या पिचला खाच ४ मिलिमीटर खोल जाईल. १६ च्या स्क्रूमध्ये दोन्ही बाजूंनी चार चार गेले की आत फक्त ८ मिलिमीटरचा गाभा उरतो. ४ च्या पिचला खाच २ मिलिमीटर खोल, आणि गाभा १२ मिलिमीटर. पिळाला तोंड देण्याची दांड्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. १२ चा घन १७२८, ८ चा घन ५१२. म्हणजे दुतोंडी स्क्रूचा गाभा तिपटीहून अधिक बळकट. वेग तोच, ताकद तिप्पट.

याची किंमतही द्यावी लागते. फुकट काहीच मिळत नाही. त्या स्क्रूच्या मधल्या व्यासाचा, म्हणजे १४ मिलिमीटरचा, परीघ ४४ मिलिमीटर. एकतोंडी आट्याची चढण ४४ ला ४. तिचा कोन ५ अंशांच्या आसपास. दुतोंडीची चढण ४४ ला ८. कोन १० अंशांच्या आसपास. घाटाचा रस्ता जितका उभा तितका दम अधिक लागतो. घर्षण बाजूला ठेवले तर दुतोंडी स्क्रूच्या मुठीला दुप्पट जोर द्यावा लागतो. शिवाय चढण फार उभी झाली आणि आट्यांना तेल-तूप लागलेले असले, तर खालचा दाब स्क्रूला उलटा फिरवू शकतो. आईला हेही माहीत होते. “पीठ घट्ट असले की मूठ सोडताच थोडी मागे येते,” असे ती म्हणाली. म्हणूनच मोटार उचलण्याच्या जॅकला बहुधा एकतोंडी आटे असतात. तेथे वेग नको, घट्ट पकड हवी.

जेथे वेग हवा तेथे अनेक तोंडे. शाईच्या पेनाचे टोपण पाहा. पुष्कळ पेनांना तीन तोंडांचे आटे असतात, त्यामुळे टोपण एकदीड फेऱ्यात निघते आणि पातळ भिंतीला खोल खाच पडत नाही. मुरंब्याच्या बरणीचे पत्र्याचे झाकण पाहा. आतल्या कडेला चारसहा छोटे दाते असतात, ते बरणीच्या तितक्याच आखूड आट्यांवर चढतात, आणि पाव फेऱ्याच्या आत झाकण सगळीकडून सारखे बसते. नाणी पाडण्याचे जुने हातदाबयंत्र घ्या. त्याचा जाड स्क्रूही अनेकतोंडी, कारण तेथे एका झटक्यात ठोका बसायला हवा.

आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. भाचीच्या टेबलावर जो प्रिंटर दोन दिवस चुकीच्या बुश्या काढत होता, त्याचा आडवा दांडा वरखाली नेणारा स्क्रूच मुळी चौतोंडी होता! अशा घरगुती प्रिंटरांत ८ मिलिमीटर व्यासाचा, २ च्या पिचचा, चार तोंडांचा स्क्रू नेहमी वापरतात. चार दुणे आठ. सोऱ्याची चाल आणि प्रिंटरची चाल एकच निघाली.

संगणकावर अनेकतोंडी आटे कसे आखावेत

आता मुख्य गोष्ट. ज्यांची मुले हा विषय शिकत आहेत त्यांनी ही कृती जपून ठेवावी. कार्यक्रम कोणताही असो, पायऱ्या याच.

पहिली पायरी: साधे नळकांडे किंवा भोक असलेला ठोकळा आखावा.

दुसरी पायरी: त्याच्या अक्षाभोवती मळसूत्री रेघ काढावी. येथेच बहुतेकांची चूक होते. रेघेचे जे खाते उघडते त्यात ‘पिच’ म्हणून एक माप मागतात; फ्रेंचमध्ये तेथे ‘पा’ लिहिलेले असते. पण संगणकाला हवी असते ती एका रेघेची एका फेऱ्यातली चढण, म्हणजे आपली चाल. संगणकाला बिचाऱ्याला काय ठाऊक की तुम्ही पुढे आणखी आटे घालणार आहात? म्हणून तेथे ४ नव्हे, ८ लिहायचे. फ्रेंचमध्ये ‘पा’ म्हणजे पाऊल. एका फेऱ्याला एक पाऊल, असे ध्यानात ठेवले तर चूक होणार नाही.

तिसरी पायरी: अक्षातून जाणाऱ्या पातळीवर एका खाचेची आडवी आकृती काढावी. तिची रुंदी पिचवरून ठरते, चालीवरून नाही. पिच ४ असेल तर खाच २ च्या आसपास. बुशी प्लॅस्टिकची असेल तर प्रत्येक बाजूला पाव मिलिमीटरच्या आसपास मोकळीक ठेवावी, नाहीतर आटे बरोबर असूनही चालणार नाहीत.

चौथी पायरी: ही आकृती रेघेवरून फिरवत नेऊन खाच कोरावी. रेघ ठोकळ्याच्या थोडी खालून सुरू करून थोडी वर संपवावी, म्हणजे दोन्ही तोंडे स्वच्छ उघडतात.

पाचवी पायरी: कोरलेल्या खाचेच्या अक्षाभोवती सारख्या अंतरावर नकला कराव्यात. दोन तोंडे असतील तर १८० अंशांवर, तीन असतील तर १२० वर, चार असतील तर ९० वर.

भाचीचे आटे नाहीसे का झाले होते, ते आता सांगता येईल. तिने चाल ४ ठेवली होती. अर्धा फेरा फिरवलेली नक्कल अर्ध्या चालीने, म्हणजे २ मिलिमीटरने, वर सरकते. मूळ खाच २ रुंद, शेजारचा कंगोरा २ रुंद. नक्कल बरोबर त्या कंगोऱ्यावर पडली आणि तो कापून गेली. चाल ८ ठेवली तर अर्धा फेरा म्हणजे ४ मिलिमीटर. मग नक्कल नेमकी पुढच्या खाचेच्या जागी पडते आणि मधला कंगोरा शाबूत राहतो. पहिली बुशी अडकली तीही यामुळेच. तिची चढण ५ अंशांची आणि स्क्रूची १० अंशांची. दोघांचे कसे जमावे?

काही कार्यक्रमांत तोंडांची संख्या लिहायला वेगळा चौकोन असतो; तो भरला की काम झाले. परंतु आमचे मत असे की विद्यार्थ्याने एकदा तरी पाचही पायऱ्या हाताने कराव्यात. यंत्रकामाच्या कागदी नकाशात आटे कोणी वेढ्यावेढ्याने काढत नाही. बारीक रेघ ओढून बाजूला लिहितात. आपल्या सोऱ्यासारख्या स्क्रूला ‘टीआर १६ × ८ (पी४)’ असे लिहितील: आधी व्यास, मग चाल, कंसात पिच. त्या लिखाणात चाल आणि पिच वेगवेगळी का दिली आहेत, हे ज्याने आटा स्वतः आखला आहे त्यालाच कळते.

ड्रिल आणि चकल्या

तिसरी बुशी शुक्रवारी रात्री निघाली. भाचीने ती स्क्रूच्या टोकाला लावली, दोन बोटांनी फिरवली, आणि ती सरसर शेवटपर्यंत गेली. आईने स्वतः ती तीनदा चढवून उतरवून पाहिली. मग म्हणाली, “पाड भोक.”

भावोजींनी झाकण शिकंजात धरले. त्यांच्या हत्यारपेटीत कॅनडाचे चौकोनी खोबणीचे स्क्रूही होते. हे डोके पीटर रॉबर्टसन नावाच्या कॅनेडियन माणसाने काढले आणि १९०९ साली त्याचे पेटंट घेतले. जवळच इंची आणि मेट्रिक नटांचे दोन डबे होते. आटे एकमेकांना जमणे ही काही लहान गोष्ट नव्हे. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली ५५ अंशांचा आटा प्रमाण ठरवला; अमेरिकेने पुढे ६० अंशांचा धरला. दुसऱ्या महायुद्धात एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढेना. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा या तिघांनी एक समान आटा मान्य केला. मोठमोठ्या देशांचे जे झाले, तेच आमच्या बुशीचे झाले होते.

भोक पाडले. बुशीला खालच्या बाजूने रुंद कडा ठेवली होती. दट्ट्या पीठ खाली दाबतो तेव्हा स्क्रू बुशीला वर ढकलतो; कडा खाली असल्याने ती झाकणाला टेकून राहते, निसटत नाही. प्लॅस्टिकच्या थरांत पीठ अडकून राहते, म्हणून पिठाचा आणि बुशीचा स्पर्श होऊ नये याचीही काळजी घेतली. बुशी झाकणात, पीठ दट्ट्याच्या खाली.

दिवाळी रविवारी, १२ नोव्हेंबरला होती. शनिवारी आईने आधी शेव पाडली. शेवेचे पीठ मऊ, बुशीने कुरकुर केली नाही. मग चकल्या. पहिले दोन घाणे उत्तम निघाले. आईने नेहमीप्रमाणे फेरे मोजले, आणि बाराव्याला मान डोलावली. चौथ्या घाण्याला बारीक आवाज आला. बुशीला आडवी चीर गेली होती. प्लॅस्टिकचे थर एकावर एक बसवलेले असतात, आणि वर ओढ बसली की ते तेथेच उकलतात. तरीही दिवाळीपुरत्या चकल्या झाल्या होत्या. भाची हिरमुसली, पण आई तिला म्हणाली, “चूक कुठे होती ते कळले ना? मग पितळेची कर.”

ते काम पुढे फेब्रुवारीत झाले. भाचीने सेजेपच्या कार्यशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, पितळेची बुशी लेथवर कातली. लेथवरही नियम तोच. चाल ८ लावून पहिला आटा पूर्ण कातायचा. मग हत्यार बरोबर एक पिच, म्हणजे ४ मिलिमीटर, पुढे सरकवून दुसरा कातायचा. संगणकात जे अर्धा फेरा फिरवून केले, ते लेथवर सरकवून केले. आम्ही तोवर बेटावर परतलो होतो. आम्हाला चित्रफीत आली. आई मूठ फिरवत आहे, आणि मागून भाचीचा आवाज, मराठीत: “एक, दोन, तीन...” बारापर्यंत ती एकदाही चुकली नाही.

थोडे शेवटी

किर्लोस्कर हे नाव आपल्या अनेक घरांत पंपांमुळे ठाऊक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा. ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले. पण काही रंग ओळखू येत नाहीत असे कळल्यावर रंग सोडून यंत्रांच्या आरेखनाकडे वळले, आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र, लोखंडी नांगर आणि १९१० साली किर्लोस्करवाडी. एका आरेखन-शिक्षकाच्या पेन्सिलीतून एवढे उभे राहिले. आपल्या मुलांजवळ आज पेन्सिलीच्या जागी संगणक आहे. फ्रीकॅड नावाचा कार्यक्रम तर फुकट मिळतो. २००२ पासून लोक तो मिळून वाढवत आहेत, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात त्याची १.० ही आवृत्ती निघाली. साधन नाही, ही सबब आता राहिली नाही.

आमच्या बेटावर आपल्या आजोबांनी बैठकांमधून कंदिलाच्या उजेडात मराठी टिकवली. ती शब्दांची होती, तशीच हाताच्या कामाचीही होती. आईला चाल आणि पिच हे शब्द ठाऊक नव्हते, पण बारा फेरे ठाऊक होते. भाचीला संगणक येत होता, पण फेरे मोजावेत हे ठाऊक नव्हते. दोघी एका टेबलाशी बसल्या तेव्हा बुशी जमली. म्हणून आमची विनंती एवढीच की या दिवाळीला सोऱ्या काढाल तेव्हा घरातल्या मुलांना जवळ बोलवा. स्क्रूच्या टोकाशी आटे किती ठिकाणी सुरू होतात ते त्यांना मोजू द्या, एका फेऱ्याला दट्ट्या किती उतरतो ते पट्टीने पाहू द्या, आणि त्याला ‘आटे’ म्हणतात हेही सांगा.

भाचीने आपल्या नकाशाची एक प्रत आम्हाला पाठवली आहे. मापे फ्रेंचमध्ये आहेत. पण शीर्षकाच्या चौकटीत, थोड्या वेड्यावाकड्या देवनागरीत, तिने लिहिले आहे: आजीचा सोऱ्या, आटे दोन.